इंदूकाकूंचे निकाली अर्ज

इंदूकाकूंच्या हातात कुठलाही कागद दिला की त्या आधी तो उलटा करून मागची बाजू बघायच्या. लग्नाची पत्रिका असो, गोळ्यांचं पाकीट असो नाहीतर एसटीचं तिकीट. मागं काही नसलं तरी दोन क्षण तिथं नजर फिरवायच्या आणि मगच पुढून वाचायला घ्यायच्या. आमच्या बारामतीच्या ऑफिसात त्या रुजू झाल्या तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्यांना संगणकावर एक लांबलचक यादी दाखवली, तर बाईंनी मान वाकडी करून पडद्याच्या मागं पाहिलं! मला हसू आवरेना. "सवय हाय रे बाबा," त्या म्हणाल्या, "हसून घे एकदाचं आन् पुढचं सांग." मी मनात म्हटलं, झालं, आता हिला शिकवण्यात आपला जन्म जाणार.

काकू लासुर्ण्याच्या. पाटबंधारे खात्यात दप्तर कारकून म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. कालव्याचं पाणी हवं असलेल्या शेतकऱ्यांचे मागणी अर्ज घ्यायचे, गावागावांचे गठ्ठे बांधायचे आणि कुठला अर्ज कुठं अडकलाय हे विचारील त्याला सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर घरी कारल्याचा मांडव होता, काका होते, पण काकूंना करमेना. आमच्या साहेबांनी त्यांना शेतकऱ्यांशी फोनवर बोलायला म्हणून नेमलं. मी लोणी भापकरचा, चार वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेलो, त्यामुळं ऑफिसात सगळं कळतं ते मला एकट्यालाच, असा माझा पक्का समज होता.

आमचं काम असं. सकाळी उजाडता उजाडता ड्रोन उडवून बागांचे फोटो काढायचे, संगणकाकडून ते तपासून घ्यायचे आणि पानांवर रोगाचा डाग दिसला तर शेतकऱ्याला मेसेज टाकायचा, आज फवारा किंवा आज गरज नाही. फोटो हजारो. आमच्या दोन संगणकांवर ते तपासायला आठवडा लागला असता. म्हणून आम्ही परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे संगणक सकाळपुरते भाड्यानं घ्यायचो, तेही उरलेसुरले. त्यांच्याकडं जे रिकामे पडलेले असतात ते स्वस्तात मिळतात. अट एकच, पुऱ्या दराचं गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटांची सूचना देऊन ते काढून घेतात. तुमचं काम अर्धं राहिलं तर राहिलं.

हे काकूंना कसं समजवावं या विचारात मी अर्धा तास घालवला. त्यांना अर्धं मिनिट लागलं. "म्हंजे कालव्याचं उरलेलं पाणी," त्या म्हणाल्या. "वरच्यांचं भिजून झालं तर खालच्याला. मधीच गेट पडलं तर वरडून उपेग न्हाय."

असा संगणक हवा असला की मागणी टाकावी लागते. रोज आमच्या शेदोनशे मागण्या जायच्या. काही ताटकळत असायच्या, काही चालू असायच्या, काही बंद झालेल्या असायच्या. कुठली कशात आहे हे कळायला यादीला नेमकं विचारावं लागतं, फक्त चालू दाखव, फक्त इंदापूरकडच्या दाखव, असं चाळून घ्यावं लागतं. काकू महिन्याभरात हे सगळं शिकल्या. मागणीला त्या अर्जच म्हणायच्या. माझ्या मागण्यांवर नुसते आकडे असायचे, ते त्यांना बघवेना. "नंबराला तोंड असतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी प्रत्येक अर्जावर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि पीक लिहायला लावलं. त्यामुळं सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा गोदामातलं यंत्र 'सर्जेराव, पळसदेव, डाळिंब' अशा नावानं चालू लागलं. मी सगळ्यांना ते हसत सांगायचो, आणि काकूही हसायच्या.

त्यांची दोनतीन ठरलेली वाक्यं होती. "इचारलं तेवढंच उत्तर येतं, संगणक काय आन् साहेब काय." हे एक. दुसरं, "चाळण धरली म्हंजे वर काय राहिलं आन् खाली काय पडलं, दोन्ही बघायचं." आणि या दुसऱ्या वाक्यावरूनच आमची वाजायची. काम आटोपलं की मी ताटकळलेल्या आणि चालू मागण्यांची यादी मागवायचो. ती रिकामी आली म्हणजे सगळं उरकलं, उठा. काकू उठायच्या नाहीत. त्या बंद झालेल्यांची यादी काढून एकेक नाव वाचत बसायच्या. आमच्या दप्तरात अर्ज निकाली निघाला म्हणायचे, त्या सांगायच्या, पण निकाली म्हणजे पाणी मिळालं असं नव्हे, नामंजूर झालेलाही निकालीच. तो कुणी आणि का निकाली काढला ते बघावं लागतं. एकदा मी चिडून म्हटलं, "काकू, हे पाटबंधारे खातं नाही." त्या डबा आवरून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या माझ्यासाठी कारल्याची परतून केलेली भाजी घेऊन. बाईंचा राग असा, की समोरच्यालाच लाज वाटावी.

मग तो आठवडा आला. आभाळ चार दिवस भरलेलं, हवा दमट. डाळिंबावर तेल्या पसरायला याहून चांगलं काय हवं? तेल्या म्हणजे पानाफळांवर तेलकट काळे डाग, आणि एकदा का तो फळावर चढला की फळ तडकतं, बाजार संपला. सर्जेरावांची बाग पळसदेवला, पहिल्याच बहराची. साठी गाठलेला माणूस, बोलणं मोजकं, पण रोज सकाळी काकूंना फोन करून विचारणार, "आज काय म्हणतंय आमचं डाळिंब?" धरणाच्या पाण्याच्या कडेला उभं आयुष्य काढलं आणि ही बाग त्यांनी आता, उतारवयात हौसेनं लावली होती. काकूंचा शब्द त्यांना प्रमाण.

त्या दिवशी काकू रजेवर होत्या, भाचीचा साखरपुडा होता. दुपारी बाराच्या सुमाराला मी यादीला विचारलं, ताटकळलेलं कुणी? नाही. चालू कुणी? नाही. वा, म्हटलं, आज लवकर उरकलं. सगळ्यांना मेसेज सोडून दिले आणि मिसळ खायला गेलो. झालं असं होतं की अकरा बागांचं काम अर्ध्यावर असतानाच त्या कंपनीनं संगणक काढून घेतले होते. त्या मागण्या बंद झाल्या आणि काम पुरं होऊन बंद झालेल्यांच्याच रांगेत जाऊन बसल्या. मी त्यांच्याबद्दल विचारलंच नाही. आणि ज्या बागेचं उत्तर कोरं येईल तिथं 'आज गरज नाही' असं आपोआप जावं, हेही माझ्याच हातांनी लिहून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या, पेढे वाटले आणि कालची बंद यादी काढून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली ती "प्रशांतराव" अशी. एरवी मी 'पोरा' असायचो. त्यांनी अकरा नावांवर बोट फिरवलं. "ह्ये काम होऊन निकाली न्हाईत, काढून घेतल्यात. मेसेज काय गेला ह्यास्नी?"

दहा जणांना फोन लागले. सुदैवानं कुणाचं फारसं बिघडलं नव्हतं, त्यांनी लगेच फवारणी धरली. सर्जेरावांचा फोन लागेना. मी मोटारसायकल काढली, काकू पदर खोचून मागं बसल्या. पळसदेवपर्यंत त्या मागं बसून सर्जेरावांचाच नंबर लावत राहिल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सर्जेराव बागेतच होते. हातात एक फळ होतं, त्यावर काळा डाग. आमचा मेसेज आला म्हणून त्यांनी आपला फवारणीचा पंप आदल्या दिवशी शेजाऱ्याला दिला होता, आणि रात्रीतून पाऊस शिंपडून गेला होता. मी चूक माझी म्हणून सांगितलं, कसंबसं. काकूंनी हात जोडले. ते ओरडले नाहीत. "अर्ध्या बागंत चढलाय," एवढंच म्हणाले. आम्ही निघताना म्हणाले, "आमचं नाव काढून टाका तुमच्या यादीतनं."

"काढते," काकू म्हणाल्या. "पर सकाळी माझा एक फोन येईल. नको वाटला तर उचलू नका."

मी ऑफिसात येऊन त्यांचं नाव चालू शेतकऱ्यांतून बंदमध्ये टाकलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, रोज ते नाव दिसायला नको. काकूंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नावाचा एक जादा अर्ज स्वतः टाकायला सुरुवात केली. शेजारच्या बागांसाठी ड्रोन जायचाच, त्यात यांचीही बाग यायची. रोज साडेसातला फोन. पहिले पंधरा दिवस तो वाजून वाजून बंद व्हायचा. मग उचलला जाऊ लागला. काकू सांगायच्या, पलीकडून "बरं" यायचं आणि फोन ठेवला जायचा. दीड वर्ष हे चाललं. मी एकदा म्हटलं, काकू, माणसानं नाव काढा म्हणून सांगितलं ना? त्या म्हणाल्या, "नाव काढा म्हणला त्यो. बाग बघू नका न्हाय म्हणला."

काकू गेल्या त्या अचानक. सकाळी मांडवातून कारली तोडून आणली, ओट्यावर टेकल्या, पाणी मागितलं आणि काका तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही सगळे लासुर्ण्याला मातीला गेलो. त्या संध्याकाळी मी आमच्या सगळ्या शेतकऱ्यांना मेसेज पाठवला. कितीतरी जण सावडायला आले.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेआठला ऑफिसचा फोन वाजला. पळसदेवहून सर्जेराव बोलत होते. चार दिस झालं, काकूंचा फोन न्हाय, आजारी हाईत का, म्हणून विचारत होते.

मी सांगितलं. पलीकडं पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, तो त्यांनी जाऊन बंद केला. मग म्हणाले, "मला कुणी कळवलं न्हाय."

मी चालू शेतकऱ्यांनाच मेसेज पाठवला होता. बंदमध्ये कोण आहे हे पुन्हा एकदा विचारलंच नव्हतं. मला तिथंच रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. त्यांनी मला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आज काय म्हणतंय आमचं डाळिंब?"

काकू गेल्यापासून त्यांच्या नावाचा अर्ज कुणी टाकलेला नव्हता. त्यांच्या नावासमोरची जागा कोरी होती. "ठाऊक नाही, सर्जेराव," मी म्हटलं. "चार दिवसांत कुणी बघितलेलं नाही."

"मग बघा," ते म्हणाले. "मी हाय हितं."

मी अर्ज टाकला, त्यावर त्यांचं नाव, गाव आणि पीक लिहिलं. उत्तर यायला वीसेक मिनिटं लागली. सर्जेरावांनी फोन ठेवला नाही.