काटा उजवीकडे, तोंड डावीकडे

सिम्युलेटरच्या खोलीत किस्से फार साचतात. खऱ्या विमानात छोटी चूक झाली तर माणूस गप्प बसतो, आणि मोठी झाली तर सांगायला उरत नाही. आमच्या खोलीत मात्र डोंगरावर आपटलेला माणूस पडदा सारून बाहेर येतो, खाली जाऊन वडापाव खातो, आणि बाकीचे वर्षभर त्याची टिंगल करतात.

खोली सांगवीत, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर. आत विमानाच्या कॉकपिटसारखा एक डबा, त्याला काळा पडदा. बाहेर सरांचा कॉम्प्युटर. डब्यातला माणूस जे विमान उडवतो, त्याचा रस्ता सरांच्या स्क्रीनवर रेघ होऊन उमटत जातो. आतल्याला ती रेघ दिसत नाही. बाहेरच्या सगळ्यांना दिसते!

सर म्हणजे निवृत्त वैमानिक. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची. आम्ही तिघं विद्यार्थी, आणि सर आम्हाला नावानं नाही, गावानं हाक मारायचे. मी काळेवाडी. माझे वडील बीडहून आले आणि चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला लागले, पण सरांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. निनाद चिपळूण. आणि वैशाली महाळुंगे.

*

आम्ही शिकत होतो ते सांगायला सोपं आहे. ढगात बाहेरचं काही दिसत नाही. जमिनीवर एक रेडिओ बीकन असतो, म्हणजे सिग्नल सोडणारा एक खांब, आणि विमानातला एक काटा सतत त्या बीकनकडे बोट दाखवतो. काटा बघायचा आणि बीकनपर्यंत सरळ रेषेत जायचं. बास, एवढंच.

चिपळूणनं पहिल्याच दिवशी नाक बीकनवर रोखलं आणि निघाला. वारा डावीकडून होता. वाऱ्यानं विमान उजवीकडे ढकललं, यानं पुन्हा नाक बीकनवर आणलं. परत ढकललं, परत आणलं. शेवटी पोचला तो, पण बाहेर स्क्रीनवर कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी रेघ.

चिपळूण खुशीत बाहेर आला. “सर, पोचलो.”

“पोचलास,” सर म्हणाले. “वऱ्हाड चाकणहून आळंदीला न्यायचं होतं. तू देहूवरून नेलंस. मधे डोंगर असता तर नवरा तिथेच राहिला असता.”

*

उपाय असा की वारा डावीकडून असेल तर नाक थोडं डावीकडे वळवायचं आणि तसंच धरून ठेवायचं. विमान तिरकं बसतं, पण जातं सरळ. किती वळवायचं, हा खरा प्रश्न. मला ते एकदा जमलं. रेघ सुतासारखी सरळ चालली होती, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, आणि अचानक काटा सरकायला लागला.

मी आतून ओरडलो, “सर, तुम्ही वारा बदललात.”

“हो.”

“सांगायचं तरी.”

“बरोबर आहे,” सर शांतपणे म्हणाले. “पुढच्या वेळी वारा आधी काळेवाडीला फोन करेल.”

तेव्हापासून घरी कुणी न सांगता काही बदललं, की माझी बायकोसुद्धा हेच म्हणते.

*

गुरुवार म्हणजे आमच्याकडे लाईट जायचा दिवस. कंपन्यांना सुट्टी, महावितरणची दुरुस्ती. एका गुरुवारी चिपळूण आत असताना सगळं काळं झालं. तो पडदा सारून बाहेर यायला लागला.

“बस जागेवर,” सर म्हणाले. “हेडिंग काय होतं?” हेडिंग म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा.

“सर, लाईट गेलीय.”

“लाईट गेली. वारा गेला नाही. हेडिंग काय होतं?”

चिपळूणला सांगता येईना. मग सरांनी माझा आणि वैशालीचा नंबर लावला, कारण आम्ही पडद्याच्या फटीतून मागून बघतच होतो. आम्हालाही माहीत नव्हतं. तिघांनी तेवढा वेळ फक्त काटा बघितला होता. सर अंधारात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “काट्याला सगळं माहीत आहे. विमान मात्र तुम्ही उडवताय.” मला हे वाक्य आजही आवडतं, आणि तेव्हा फार झोंबलं होतं.

*

आता वैशाली. महाळुंग्याचं शेतकरी घर. चारी बाजूंनी कारखाने आणि मधे यांचा ऊस. गावातली विमान शिकणारी पहिली मुलगी. हात तिचा आमच्या तिघांत सगळ्यात हलका, खरं विमानही ती आमच्यापेक्षा छान उतरवायची. पण काटा दिसला की तिचा धीर सुटायचा. जरा हलला की ही वळलीच त्याच्या मागे. तिच्या रेघा बघून सरसुद्धा कधी कधी चष्मा काढून डोळे चोळायचे.

“सर, मला पटतच न्हाई ते,” ती एकदा चिडून म्हणाली. “काटा म्हणतोय उजवीकडं, आन् मी डावीकडं त्वांड करून बसू?”

“बस,” सर म्हणाले.

“आन् चुकलं तर?”

“तर कळेल. पण आधी बस तरी.”

ती काही बसायची नाही. मग तिच्या चुलतभावाचं लग्न ठरलं आणि तिनं सरांना पेढे आणि पत्रिका आणून दिली. सरांनी एक पेढा खाल्ला, पत्रिका घेऊन डब्यात शिरले आणि ती काट्यावर चिकटवून बाहेर आले.

“सर, आवो, पत्रिका हाय ती.”

“माहीत आहे. मी सांगेन तेव्हाच उचलायची. तोवर फक्त हेडिंग.”

गणपतीचं चित्र, दोन्ही घराण्यांची नावं आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हे बघत तिनं अख्खी दुपार विमान उडवलं. पहिल्यांदाच रेघ जरा माणसांत आली.

*

तरी परीक्षेत ती नापास झाली. परीक्षा खऱ्या विमानात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर. डोळ्यांवर झापड बांधतात, म्हणजे समोरचे काटे तेवढे दिसतात, बाहेरचं काही नाही. परीक्षक उत्तरेकडचे, मोजकं बोलणारे. ती विमान बरोबर तिरकं धरून चालली होती. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “सुई नाक पर नहीं है. ठीक है?” झालं. ही घाबरली, काट्यामागे वळली, आणि बीकन कुठल्या कुठे राहिला.

घरी ठरलं की अजून एकदाच बसायचं. भावानं चाकणच्या कंपनीत तिच्यासाठी क्वालिटीतल्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं. यावेळी नाही झालं तर पहिल्या शिफ्टला हजर. वाईट नोकरी नव्हती ती. पण वैशाली त्या दिवसांत आमच्याशी बोलताना जमिनीकडे बघायची, आणि मला ते बघवत नव्हतं.

*

परीक्षेच्या आधी एकदा तिचे वडील आले. अण्णा. टोपी मांडीवर ठेवून सरांच्या शेजारी बसले. वैशाली आत होती. तिला वडील आल्याचं माहीत नव्हतं, आणि सरांनी आम्हाला डोळ्यांनीच गप्प केलं. मग वारा वाढवला. आणखी वाढवला.

अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले. तिथे रेघेच्या टोकाला विमानाचं बारकं चित्र असतं. त्याचं नाक चांगलंच डावीकडे होतं.

“सर, हिचं त्वांड वाकडं हाय की वो.”

“आहे.”

अण्णा पुढे वाकले. चष्मा नीट केला. बराच वेळ रेघ बघितली. “पर चाललीय सरळ.”

“हो.”

“वाऱ्यामुळं व्हय?”

“वाऱ्यामुळे.”

अण्णा उठले, टोपी घातली. आत पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, “तिला सांगू नगा मी आल्तो ते. उगं माझ्याकडं बघंल.” आणि जिना उतरून गेले. आम्ही सांगितलं नाही. अजूनही नाही.

*

वैशाली दुसऱ्या वेळी पास झाली, हे आधीच सांगून टाकतो. आज ती विमान चालवते आणि मी त्याच खोलीत सरांच्या खुर्चीवर बसून पोरांचा वारा बदलतो. पण पास झाली कशी, ते तिनं परत आल्यावर त्याच खोलीत सांगितलं. सर, चिपळूण आणि मी उभे, ती सरांच्या टेबलावर बसलेली. एरवी सरांनी कुणाला बसू दिलं नसतं.

तोच परीक्षक, तोच बीकन. वारा आडवा, चांगला जोराचा. हिनं नाक डावीकडे वळवलं, काटा उजवीकडे राहिला, आणि ही बसून राहिली. थोड्या वेळानं शेजारून तोच प्रश्न आला, “सुई नाक पर नहीं है. ठीक है?”

“मंग?” चिपळूणनं विचारलं. मंग हा शब्द त्याच्या कोकणात नाही, तोही तिच्याकडूनच उचललेला.

“मंग काय. हिंदी सुचंना. मी म्हणलं, थांबा जरा, येतंयच.”

“परीक्षकाला?”

“मंग अजून कोन व्हतं तिथं?”

काटा तसाच उजवीकडे. मग तो जरा थरथरला, आणि गर्रकन फिरून मागे गेला. बीकन ओलांडला की तो तसा मागे फिरतो. परीक्षकांनी काही लिहिलं नाही. फक्त हात पुढे करून तिच्या डोळ्यांवरची झापड स्वतः काढली, विमान तिच्या बाजूला थोडं कलवलं आणि म्हणाले, “नीचे देखो.”

“काय दिसलं?” सरांनी विचारलं.

“खांब,” वैशाली म्हणाली. “शेताच्या कडंला कुंपण, मदी एक बारका खांब. कुंपणावर कुणीतरी लाल गोधडी वाळत घातलेली. बरुबर चाकाखाली व्हता, सर.”