मरोद्याच्या गच्चीवर एक पेपर

एका शब्दाचा खर्च असा: नागपूर–दुर्ग रेल्वेचं जाण्यायेण्याचं तिकीट तीनशे चाळीस, ऑटो दोन्ही वेळचे मिळून चारशे, संत्रा बर्फी सहाशे. वर अठराशे, ते कशाचे ते ओघात येईलच.

शब्द आमच्या घरचा. कोणी फेकायला लागला की आमच्या नात्यागोत्यात म्हणतात, "मरोदा सोडू नको." पुस्तकातली 'शेखी' म्हणे शेखांच्या तोऱ्यातून आली. 'मरोद्या'चा उगम मात्र मला पक्का ठाऊक आहे, कारण तो शब्द मीच पाडला.

मरोदा ही भिलाईतली वस्ती, पोलाद कारखान्याला लागून. तिथले आमचे मावसाजी वीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत म्हणाले, "आमच्याकडं कारखान्याचा वितळलेला स्लॅग, लोखंडाची मळी, ओततेत, त्याच्या उजेडात मी गच्चीवर पेपर वाचतो." मी वरण वाढत होतो. म्हणालो, "मरोदा सुटला रे, भात आणा." पंगत हसली. मावसाजी जेवले, पण त्यानंतर नागपुरात कोणाच्याच लग्नाला आले नाहीत.

आता माझ्याच मुलीचं लग्न. फोन केला तर म्हणाले, "आधी येऊन पाय. खरं निघालं तर येतो. नाही तर चालू दे तुझा शब्द."

मी घरी सांगून निघालो: अठ्ठावन्न पूर्ण, चष्मा नाही, वेल्डिंगमधली केसाएवढी भेग नुसत्या डोळ्यांनी पकडतो. माझ्यापेक्षा चांगला पंच कुठे मिळणार?

सकाळची गाडी घ्या, चारेक तासांत दुर्ग. डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं. वाटेत समोसे खाऊ नका, पोट राखा. दुर्गहून मरोद्याला ऑटोवाला चारशे सांगतो, दोनशेत येतो. मावशीने तांदळाचे चिले, म्हणजे धिरडी, आणि टमाटरची चटणी केली होती. मी सहा खाल्ले.

स्लॅग आता रोज ओतत नाहीत. आज कधी ओतणार ते मावसाजींनी प्लांटमधल्या शेजाऱ्याला विचारून ठेवलं होतं. साडेसहाला आम्ही तिघं गच्चीवर.

"हा तर रस्त्याच्या लाईटचा उजेड," मी हरकत घेतली.

"कावून, एवढा शक आहे? धर मंग."

मग मी आणि मावसाजी, दोन कर्ते पुरुष, चादरीची दोन टोकं धरून खांबाचा दिवा अडवत उभे. सातच्या सुमारास आभाळ एकदम लाल झालं. शेजारच्या दोरीवरचे चिमटे मोजता आले असते.

"वाच," मावसाजी म्हणाले.

एका हाताने पेपर धरला. मथळा वाचला.

"मथळा तं कोणीबी वाचते. खालचं वाच."

खाली मुंग्या. पेपर लांब धरला. हात संपला, मुंग्या तशाच.

"नाही दिसत."

मावसाजींच्या हातातलं चादरीचं टोक खाली आलं, पण लगेच त्यांनी ते परत वर धरलं. एवढ्यात मोतीबिंदू काढलेल्या मावशीने चष्मा सारखा केला आणि पेपर माझ्या हातून घेतला.

"'गुमशुदा. भूरी भैंस, एक सींग टेढ़ा.' फोन नंबरबी वाचू का?"

"हे तुम्ही सकाळीच वाचलं असेल," मी म्हणालो.

"मंग तू दे न दुसरं काही."

खिशात मुलीच्या लग्नाची पत्रिका होती, अजून त्यांना न दिलेली. मावशीने ती उजेडाकडे धरली आणि तळची बारीक अक्षरातली आप्तांची यादी एकेक करत वाचली. सतराव्या जागी मावसाजींचं नाव आलं, तशी थांबली.

"सतरावं?" मावसाजी म्हणाले.

"पण आहे न," मावशी म्हणाली.

आभाळ विझत आलं होतं. उजेड कमी पडला म्हणालो असतो तरी घरच्यांनी मानलं असतं. मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि बायकोला सांगितलं, "मावसाजी खरं बोलले होते."

"तुम्ही वाचलं?"

"मावशीनं वाचलं. मला नाही दिसलं."

मावसाजी चादरीची घडी घालत राहिले. खूप नीट घातली.

लग्नाला दोघं आले, पहिल्या पंगतीला बसले. शब्द काही मेला नाही. जिलबी वाढताना मी व्याह्यांना माझ्या वर्कशॉपबद्दल सांगत होतो, तर मागून मावसाजी म्हणाले, "मरोदा सोडून राहिला का बे?"

आणि ते अठराशे चष्म्याचे. नंबर अडीच निघाला.