तीन वायरी चित्राच्या, दोन आवाजाच्या

दुकान बंद करता येतं, किस्से बंद करता येत नाहीत. गेवराईत मी आणि अंकुश मिळून टीव्ही-डीव्हीडी दुरुस्तीचं दुकान चालवायचो. आता त्याच गाळ्यात मी मोबाइलची कव्हरं विकतो. अंकुश अधूनमधून चहाला येतो. रस्त्यावरून एखादं जुनं गिऱ्हाईक जातं, अंकुश म्हणतो, "आठवतं का बे, ह्याच्या घरी आपण गेलतो?" आणि सुरू होतं. हसत हसत सुरू होतं, पण अलीकडे हसत संपत नाही.

ज्यांनी त्या वायरी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. डीव्हीडी प्लेअरच्या मागे पाच भोकं असायची. हिरवं, निळं, लाल ही चित्राची. हिरवीतून चित्राचा उजेड-अंधार यायचा, निळी आणि लाल त्यात रंग भरायच्या. उरलेली दोन आवाजाची. एक पांढरी आणि एक, दुर्दैवानं, पुन्हा लाल. दोन लाल वायरींनी आमचं घर चालवलं म्हणा ना.

*

चकलांब्याच्या एका बागायतदारानं मोठा टीव्ही घेतला. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी बघायला सगळी भावकी गोळा केली आणि वायरी स्वतःच लावल्या. थोड्या वेळानं अंकुशला फोन.

"अंकुशराव, जावई हिरवा दिसायलाय."

"आणि नवरी?"

"ती बी हिरवीच. पण ती आमची हाय, ओळखू येती."

शिवाय टीव्हीतून घूंऽऽ असा आवाज येत होता. आम्ही गेलो. चित्राची लाल वायर आवाजाच्या भोकात, आवाजाची चित्राच्या. अदलाबदल केली, जावई गोरा झाला, आम्हाला लाडू मिळाले.

पुढं वर्षभरात ती मुलगी माहेरी परत आली, ती कायमचीच. तिचे वडील एकदा बाजारात भेटले. तेच म्हणाले, "वायरीनं खरं सांगितलं व्हतं अंकुशराव. आपण वायरच बदलून टाकली."

*

गेवराईजवळच्या एका वस्तीवर सखाराम नावाचा मेंढपाळ राहायचा. त्याचा टीव्ही आवाज देत नाही म्हणून गेलो. स्पीकरचं काम झालं, टीव्ही लावला, तर चित्र काळं-पांढरं. मागे बघितलं. जुन्या प्लेअरला चित्राची सगळ्या रंगांसकट एकच पिवळी वायर असायची, ती कुणीतरी टीव्हीच्या हिरव्या भोकात खुपसली होती. पिवळीतलं काळं-पांढरं तेवढं टीव्हीला कळत होतं, रंग कळत नव्हते.

"असं कधीपासून हाय?" अंकुशनं विचारलं.

"आणला तवापसून," सखारामची बायको म्हणाली.

"मग कावून सांगितलं न्हाई?"

"आमाला वाटलं, जुना घेतला म्हंजे असाच असणार."

अंकुशनं पिवळी वायर काढून शेजारच्या पिवळ्या भोकात लावली. पडद्यावर डीव्हीडीतली देवीची मिरवणूक चालली होती. एकदम हिरवं लुगडं, लाल कुंकू, पिवळा भंडारा. सखारामची पोरं ओरडली. बायको मात्र बघत राहिली आणि मग कोपऱ्यातल्या खाटेकडं वळली.

"म्हातारी हितंच बसून बघायची ही मिरवणूक," ती म्हणाली. "रोज लावायला सांगायची. दिवाळीच्या आधी गेली."

एवढं एक भोक बदलायचं होतं. आम्ही त्या रस्त्यानं आठवड्यातून एकदा तरी जायचो.

*

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड कंडक्टर होते. त्यांच्या मुलानं पुण्याहून भारीतली तीन वायरींची जोडी पाठवली. जाड, सोनेरी टोकांची. काकांनी हौसेनं लावली आणि जुन्या सगळ्या वायरी काढून टाकल्या. नव्या तिन्ही चित्राच्या. आवाजाच्या दोन वेगळ्या लागतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अंकुश सहज त्यांच्याकडं गेला तर काका मुकं कीर्तन बघत बसलेले.

"काका, आवाज?"

"न्हाई येत."

"मग पोराला सांगायचं की."

"त्यानं लई प्रेमानं पाठवली रे. फोनवर विचारतो, कसं दिसतं? मी म्हणतो, झकास दिसतं. ऐकू येतं का, असं त्यानं कधी विचारलं न्हाई."

*

पुढं एकच वायर निघाली, तिच्यातूनच चित्र आणि तिच्यातूनच आवाज. आमच्याकडं उरलेल्या रंगीत वायरी अंकुशनं पोत्यात भरून भंगारवाल्याकडं नेल्या. त्यानं एक सोलून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"तांबं काईच न्हाई ह्यात."

"तांब्यासाठी न्हवत्याच त्या," अंकुश म्हणाला, आणि पोतं तिथंच ठेवून निघून आला.

*

एक किस्सा आष्टीकडचा, रंगीत वायरी होत्या तेव्हाचा. तिकडं अंकुशची सासुरवाडी. बारशाला गेलतो, तर त्याचा मेव्हणा म्हणाला, शेजारच्या बापूंच्या टीव्हीचा आवाज बिघडलाय, जरा बघा.

बापूंचा मुलगा गणेश ऊसतोडीला गेला होता, तिथं ट्रॅक्टर उलटून वारला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. घरात त्या लग्नाची डीव्हीडी होती. अंकुशनं लावली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी.

"आवाज तर येतोय, बापू."

"गाणं न्हाई. त्याचा आवाज." बापूंनी पडद्यावर बोट ठेवलं. मांडवात गणेश आईकडं वाकून हसत काहीतरी बोलत होता. "हितं तो हिला काय तरी म्हणतोय. हिला आता आठवंना गेलंय. तेवढं ऐकायचं हाय."

अंकुशनं समजावलं. शूटिंगवाल्यानं मूळ आवाज काढून त्यावर गाणी भरली होती. मी तिथूनच त्या शूटिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ती कॅसेट पुसून तिच्यावर दुसरं लग्न घेतलं.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मग म्हणाले, "एकदा वायर बदलून बघा."

मी अंकुशकडं बघितलं. तो उठला. गाडीच्या डिकीतून नवं पाकीट आणलं, फोडलं. जुन्या वायरी काढल्या, भोकं फडक्यानं पुसली. हिरवी, निळी, लाल लावली. मग पांढरी, मग दुसरी लाल, सावकाश, नीट दाबून. डीव्हीडी पुन्हा त्या जागेवर आणली.

गाणं लागलं. तेच गाणं.

गणेशची आई चुलीपासून उठून आली. पदर कानामागं सारून टीव्हीला चिकटून बसली. गणेश वाकला, हसला, बोलला.

"आलं," ती म्हणाली. "तू जेवलीस का, म्हणतोय."

बापूंनी आमच्याकडं बघितलं. "म्हणलं व्हतं ना, वायरच खराब हाय."

अंकुशनं जुनी वायर गुंडाळून पिशवीत टाकली.

"हो बापू," तो म्हणाला. "खराबच होती."