शुक्रवारची मोजणी

आमच्या घरात पत्रकं गादीखालीही असायची. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचे. शाळेचा डबासुद्धा मी जुन्या पत्रकात गुंडाळून न्यायचे. त्यामुळे ‘आपल्या सुरक्षेसाठी’ असे शब्द दिसले की मी आधी विचारते, आपल्या म्हणजे कोणाच्या?

गेल्या वर्षी हेच शब्द आमच्या नाक्यावरच्या फलकावर आले. घरं रस्त्याच्या अलीकडे, मागांचे कारखाने पलीकडे. मधल्या दुभाजकात माणूस आणि सायकल जाईल एवढी फट. आई तिथूनच कांड्या भरायला जाते, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला. वळ गावातल्या गोदामांकडे निघालेले कंटेनर तिथे वेग कमी करत नाहीत, हे खरं. पण फलकावरचा उपाय काय? फट लोखंडी कठड्याने बंद, आणि ओलांडायचं तर पुढच्या पादचारी पुलावरून. आईचे गुडघे घरचा जिनाच कसाबसा चढतात. पुलावरून जायचं म्हणजे तिचं काम सुटलंच. आणि सायकलवाल्यांनी सायकल खांद्यावर घ्यायची?

शेजारच्या चाचांनी उभा जन्म सायकलवरून ड्युटी गाठली आहे. त्यांना घेऊन मी फलक लावणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की रीतसर मोजणी झाली आहे, त्या जागी फारसं कोणी रस्ता ओलांडत नाही. चाचांनी मोजणीचा वार विचारला. साहेबांनी कागद चाळला. शुक्रवार.

शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात. चाचा पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "जुम्मे को तो हमारा कौवा भी रोड क्रॉस नहीं करता, बेटा."

संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. कट, संगनमत, कंटेनरला ब्रेक लावावा लागू नये म्हणून माणसं हटवण्याचा डाव. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "शुक्रवार आमीच सांगितला."

मोजणारा माणूस आधी येऊन विचारून गेला होता, कोणता वार सोयीचा? गल्लीतल्या बायांनी विचार केला, सरकारी पाहुणा येतोय, सुट्टीच्या दिवशी आला तर बसवता येईल, रस्त्याचं गाऱ्हाणं निवांत सांगता येईल. त्याला सावलीत खुर्ची दिली, पोहे दिले, चहावर चहा दिला. तो दिवसभर रिकाम्या फटीकडे बघत बसला. आज माग बंद आहेत, हे त्याला सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शुक्रवार म्हणजे काय, हे जगात कोणाला माहीत नाही?

तरी माझा संशय जाईना. माग थांबले की आमच्या गल्लीत भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. ती शांतता त्याला कळली नसेल? बरं, तो बाहेरचा. पण साहेब तर इथेच वाढलेले.

"कट बिट लिव नको," आई म्हणाली. "फिरून ये म्हन. शनवारी, शिफ्ट सुटताना. आन यावेलला चाय न्हाय."

पत्रकात तेवढंच छापलं, आणि खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ते साहेबांकडे दिलं. पुढे तोच माणूस शनिवारी आला. खुर्ची शोधू लागला, तर आईने त्याला कोपराला धरून फटीत नेऊन उभा केला. शिफ्ट सुटली. दोन्हीकडून माणसं, सायकली, डबे घेतलेल्या बाया. कंटेनर अंगाला वारा लावून गेला आणि मोजणाऱ्याची पाठ दुभाजकाला टेकली. मोजायचं राहूनच गेलं.

"रोज असंच?" त्याने विचारलं.

"शुक्रवार सोरून," आई म्हणाली.

कठड्याचं काम थांबलं. सिग्नल आणि पांढरे पट्टे येणार म्हणतात, तोंडी. आई अजून त्याच फटीतून जाते, आणि पलीकडे पोचेपर्यंत मी दारातून हलत नाही. कठड्याचं लोखंड मात्र रस्त्याच्या कडेला तसंच पडलं आहे. परवा कोणीतरी येऊन त्याच्यावर नवी ताडपत्री घालून गेलं. जे वापरायचंच नाही, त्याला गंज लागू नये म्हणून एवढी काळजी कोण घेतं?