पाठीमागे बांधलेले हात

आमच्या अपघात विभागाच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर कायम हात पाठीमागे बांधून उभ्या असायच्या. मला तो साहेबी थाट वाटायचा. निवृत्तीआधी महिनाभर त्यांनी मला त्यांचं काम शिकवलं. बोलणं हळू, आणि वाक्यागणिक 'गं'.

"आता सुई टोचायची नाय गं. आता बघायचं."

मला ते पटत नव्हतं. शीर शोधण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

एका दुपारी शिळफाट्याजवळ टेंपो उलटला आणि सहाजण एकदम आले. एक बाई जोरात ओरडत होती. मी धावत जाऊन तिला सलाईन लावायला लागले. तेवढ्यात माझ्या खांद्यावर एक बोट टेकलं.

"बाकावरचा तो गप हाय. त्याला बघ."

भिंतीला टेकलेला म्हातारा पांढराफटक पडला होता. आम्ही वेळेत पोचलो. सिस्टर परत हात मागे बांधून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात जीपचा अपघात आला. या वेळी मी हात मागे बांधून, एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून दारातच उभी राहिले आणि कोणी कुठे जायचं ते सांगत गेले. त्या शेजारी तशाच हात मागे बांधून उभ्या होत्या.

सगळं मार्गी लागल्यावर आम्ही चहाला बसलो. त्यांनी कप उचलला, तेव्हा मनगटावर त्यांच्याच बोटांचे चार लाल वळ दिसले. माझ्या मनगटावरही तसेच होते.

त्यांनी ते पाहिले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

"आता सुटले गं मी."