टीचरच्या गाडीचं गाऱ्हाणं

गाडी कुणकेश्वरच्या उतारावर होती आणि मागच्या सीटवर गिऱ्हाईक झोपलं होतं.

ट्रायलला झोपणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. लोक कान टवकारून बसतात, कुठे खडखडतंय, कुठे कुरकुरतंय. हे कोल्हापूरचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ. दुसऱ्यांना झोपवता झोपवता स्वतःची झोप उडाली, असं त्यांनीच निघताना सांगितलं होतं. आणि आता मान टेकून, तोंड किंचित उघडं. डावीकडे समुद्र दुपारच्या उन्हात पांढरा पडलेला. मी ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी आपल्याच नादात सरकत होती. खरं सांगतो, हा रस्ता संपूच नये असं वाटलं. माझा डावा हात मात्र गिअरवर घट्ट होता. हात काढला की तिसरा गिअर सुटायचा.

माझं कट्टा गावात सेकंडहँड गाड्यांचं दुकान आहे. ही गाडी मिठबावच्या फर्नांडिस टीचरांची. मला गणित शिकवलं त्यांनी, म्हणजे प्रयत्न केला. त्यांच्या नवऱ्याने बोटीवरच्या नोकरीत असताना ही लांब, निळी विलायती गाडी मुंबईहून आणली. तो गेला, गाडी राहिली. गावातल्या कितीतरी नवऱ्या याच गाडीतून गेल्या. कुणी चर्चला, कुणी मांडवात, कुणी निकाहला. पुढे त्याच पोरी बाळंतपणालाही यातूनच गेल्या. सीटला अजून अबोलीचा आणि जुन्या चामड्याचा मिळून एक वास आहे. त्यात शिरलं की माणूस ढिला पडतो.

रविवारी टीचर मुलीकडे मडगावला कायमच्या जाणार होत्या. तिथे गाडीला जागा नाही. विकली गेली नाही तर सोमवारी भंगारवाला येऊन कापून नेणार. टीचर मला एवढंच म्हणाल्या होत्या, "बाबल, ती चलती रवाक होयी. बाकी माका कायेक नको." गाडी चालती राहिली पाहिजे, बस.

अडचण एकच होती. समुद्राकाठच्या गाडीला खारा वारा खालून खातो. हिची पायाखालची प्लेट पार कुजली होती. आमच्या गणपत मेस्त्रीने त्यावर पत्रा मारला, वर नवी मॅट घातली. धंद्यात याला मेकअप म्हणतात. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचं, नाहीतर झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

परत येऊन डॉक्टर डोळे चोळत उतरले आणि म्हणाले, "घेतली."

टीचर घरापुढच्या खळ्यातच उभ्या होत्या, शेजारी गणपत मेस्त्री. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला.

आता आमच्या दुकानाची एक रीत आहे. गाडी हवाली करताना मेस्त्री नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. टीचर ख्रिस्ती, पण त्याही हात जोडून उभ्या राहिल्या. डॉक्टरांना तर हौसच वाटली.

"बा देवा म्हाराजा, टीचरची गाडी आज परगावाक चल्ली हा."

"व्हय म्हाराजा!" डॉक्टरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"तिची खालची प्लेट खाऱ्या वाऱ्यान खाल्ली हा. मिया पत्रो मारलंय नि वर मॅट घातलंय, ता तुका दिसताच आसा."

"व्हय म्हाराजा!" डॉक्टर भरात म्हणून गेले.

"तिसरो गिअर उतारार सुटता, तो तू सांभाळून घी."

या वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायच्या जागी डॉक्टर गाडीत वाकून मॅटकडे बघायला लागले. मी मेस्त्रीला डोळे वटारत होतो, पण त्याचे मिटलेले. देवापासून लपवलं तर देव सांभाळणार काय, असा त्याचा रोकडा हिशोब.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मॅट उचला."

मी उचलली. टीचर माझ्याकडे बघत होत्या. "बाबल, ह्यां तेंका तू सांगलंस नाय?"

गृहपाठ न केल्यावर यायचा तोच आवाज. पन्नाशीत माझे कान तापले. मी मान हलवली. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही सौदा मोडा. माझा राग नाही." एवढं म्हणताना त्यांचा हात गाडीच्या टपावर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी पत्र्यावर बोटांनी टकटक करून पाहिलं. मग मेस्त्रीला विचारलं, "नवी प्लेट बसवून गिअर दुरुस्त करायला किती दिवस?"

"दोन."

"शनिवारी येतो. टीचर, मी त्या उतारावर वीस मिनिटं झोपलो. असा दिवसाउजेडी झोपल्याला मला किती वर्षं झाली असतील!" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिवाय देवासमोर होय म्हणून बसलोय."

दुरुस्तीचा खर्च अर्थात माझा. शनिवारी गाडी निघाली. टीचरांनी आरशाला अडकवलेली नवऱ्याची जपमाळ काढली नाही, तशीच जाऊ दिली. माडांच्या वळणाआड निळा रंग दिसेनासा झाला तरी त्या उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "चलती गेली रे." आणि रडल्या. मीही रडलो, त्यात काय लपवायचं.

तेव्हापासून आमच्या दुकानात गाऱ्हाणं ट्रायलच्या आधी घालतात.