कॅलेंडरवरचे लाल ठिपके

माझं लग्न ठरलं तेव्हा मला आनंद झाला नाही असं नाही, पण पहिला विचार आला तो ट्रकचा. वऱ्हाड कोणत्या ट्रकमधून येणार, ड्रायव्हर कसा आहे आणि मुहूर्त किती वाजताचा धरलाय, हे मी आईला एका दमात विचारलं. आईला वाटलं, पोरीला घाई झालीय. ती गालातल्या गालात हसली आणि मला सोलायला लसूण देऊन गेली.

कोपरगावच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्याला चिकटून आमचं गाव. साखर कारखान्यामुळे ते इतकं फुगलं होतं की त्याला खेडं म्हटलेलं गावकऱ्यांना आवडत नसे आणि शहर म्हटलेलं बाकी कोणाला पटत नसे. सरकारी दवाखाना रस्त्यालगतच होता. नगरला नर्सिंगचं शिक्षण घेऊन मी एकाहत्तरच्या सुरुवातीला तिथं लागले. नव्या माणसाच्या गळ्यात नेहमीच मारतात तसं एक काम डॉक्टरसाहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. रस्त्यावरच्या अपघातांचा तक्ता दर महिन्याला वर पाठवायचा असे, तो मी करायचा. महिनाअखेर डोकं खाजवत बसायला नको म्हणून मी सोपी युक्ती काढली. अपघाताचा पेशंट आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लाल शाईचा ठिपका द्यायचा.

अपघात का होतात याबद्दल गावात ज्याचं त्याचं मत ठरलेलं होतं. डॉक्टरसाहेब दारूला दोष देत, हवालदार खड्ड्यांना. गावाचं म्हणणं, नाल्याजवळच्या वळणाला बाधा आहे. तिथं दर अमावास्येला नारळ फुटत. माझं मत कोणी विचारलं नव्हतं आणि तेव्हा मला ते नव्हतंही.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी वऱ्हाडाचा ट्रक त्या नाल्यात गेला. दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. नव्या लुगड्यांना हळद आणि रक्त एकदमच लागलेलं. त्यात एक दहाएक वर्षांची करवली होती, नवरदेवाची धाकटी बहीण. डावा हात कोपरापासून मोडलेला, आणि उजव्या हातात शकुनाचा तांब्या गच्च धरलेला. तांब्या सोडायला ती काही तयार होईना. मी फळी बांधत होते आणि ती मला विचारत होती, "बाई, लगीन लागलं का वो? टाइम झाला आसंल ना?" तिचा मामा बाहेर व्हरांड्यात चादरीखाली होता. मी म्हटलं, "लागेल गं, लागेल." इतकं खोटं मी पुन्हा कधी बोलले नसेन.

त्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या कपाळावर टाके घालताना तो आपणहून बोलायला लागला. "म्या काय करू बाई? नवरदेवाचा चुलता शेजारी केबिनीत बसल्याला. दर मैलाला घड्याळ माझ्या नाकापुढं धरायचा. मुहूर्त टळला तर तुज्यामुळं टळंल, म्हनायचा."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, पण त्याचा अर्थ लागला डिसेंबर संपल्यावर. नवं कॅलेंडर टांगायला जुनं खाली काढलं आणि सहज पानं उलटली. पावसाळ्यात एखाददुसरा ठिपका, तोही सायकलवाल्याचा. पौषात कारखाना धडाक्यात चालू, रस्ता उसाच्या गाड्यांनी गच्च, तरी ठिपके तुरळक. आणि मे महिन्याच्या पानाला मात्र गोवर उठलेला. पानाच्या खाली बारीक अक्षरांत लग्नाच्या तिथी छापलेल्या असतात. मी एक बोट तिथींवर ठेवलं, दुसरं ठिपक्यांवर, आणि दोन्ही बोटं पुन्हा पुन्हा एकाच चौकोनात जायला लागली. पौषात लग्नं नसतात, पावसाळ्यात नसतात, आणि ठिपकेही नसतात. वळणाला कसली आलीय बाधा!

एकदा कळल्यावर सगळंच दिसायला लागलं. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, की उसाचे ट्रक मोकळे होतात आणि तेच वऱ्हाडाला लागतात. ड्रायव्हर हंगामभर जागलेला. सकाळी सहाला निघायचं ठरतं, पण केबिनमध्ये कोणी बसायचं यावरून रुसवेफुगवे सुरू होतात. जावयाला वाटतं मान आपला, मामाला वाटतं आपला, चुलत्याला तर शंकाच नसते. मागं ताडपत्रीखाली बायकापोरं उन्हात शिजत बसतात. समजूत निघेपर्यंत नऊ वाजतात, आणि मग मानपानात गेलेले तीन तास रस्त्यावर भरून काढायचे असतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण बिचाऱ्या नवऱ्याला कोणी विचारतच नव्हतं. उतावळी असत ती केबिनमधली घड्याळं.

डॉक्टरसाहेबांना मी कॅलेंडर दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला, "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक खडी फोडायला लागले, लग्नं पुढं गेली आणि त्र्याहत्तरच्या मे महिन्याचं पान जवळजवळ कोरं राहिलं. "सिस्टर, लोक सुधारलेले दिसतात," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "लोक तेच आहेत साहेब, तिथी कोरड्या गेल्या." त्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुंबलेली सगळी लग्नं एकदम अंगावर आली. त्यातलंच एक माझं.

नवरा मुलगा पारनेरकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होता. मी त्याला पाहण्याच्या कार्यक्रमात एकदा आणि साखरपुड्यात एकदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा अर्धंच. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, त्याला साखरपुड्यात मनगटी घड्याळ दिलं होतं. ते बांधताना तो लहान मुलासारखा खूश झालेला मी चोरून पाहिला होता. मुहूर्त निघाला दुपारी बारा वाजून सत्तावीस मिनिटांचा. पारनेर ते आमचं गाव म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. मी कॅलेंडर पाहिलं. त्या तारखेला आसपासच्या गावांत लग्नं इतकी होती की रस्त्यावर वऱ्हाडांची रांगच लागणार होती.

आमचे गुरुजी पुणतांब्याचे. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत बरीचशी लग्नं तेच लावत. त्यांच्या टाचेला बाभळीचा काटा मोडून जखम चिघळली होती आणि ते एक दिवसाआड माझ्याकडे पट्टी बदलायला येत. एकदा त्यांचा पाय माझ्या हातात असताना मी विषय काढला. पाय हातात असला की माणूस उठून जाऊ शकत नाही.

"गुरुजी, मुहूर्त थोडा थांबवता येतो का हो?"

"मुहूर्त काय एसटी आहे, हात दाखवून थांबवायला?" ते हसले.

मी तीन वर्षांची कॅलेंडरं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ठिपके म्हणजे काय ते सांगितलं. ते हसू तसंच ठेवून पानं उलटत राहिले. मग त्यांचं बोट एकाहत्तरच्या मे महिन्यातल्या एका चौकोनावर थांबलं. नाल्यातल्या ट्रकचाच तो चौकोन.

"हे लग्न माझं होतं," ते म्हणाले. "मी बोहल्याजवळ उभा राहून ओरडत होतो, मुहूर्त टळतोय, मुहूर्त टळतोय. न पोचलेल्या वऱ्हाडाला नाही नाही ते बोललो. काय झालं ते संध्याकाळी कळलं."

मी पट्टी गुंडाळत राहिले. त्यांनी आणखी दोन पानं उलटली, आणखी दोन चौकोनांवर बोट ठेवलं आणि कॅलेंडर मिटलं. "गोरज मुहूर्ताला दोष नसतो," ते म्हणाले. "सूर्य मावळायच्या बेताला, गुरं घरी येतात तेव्हाचा. दुपारचा टळला तर मी तोवर थांबेन. तुझ्या वडिलांशी मी बोलतो." पुढं ते प्रत्येक यजमानाला हेच सांगायला लागले. आमच्या दवाखान्यातल्या आयाबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, त्यांनी माझ्या लग्नानंतर मला कळवलं की मे महिन्याच्या पानावर ठिपके अजून पडतात, पण विरळ झालेत.

हे ऐकून दादांच्या कपातला चहा मात्र उडाला. "आन् सैपाक? पाव्हनं? बारापास्नं सांजपतोर लोकान्ला मांडवात बशिवनार व्हय?"

"जेवू घाला," गुरुजी म्हणाले.

"अक्षता पडायच्या आदी पंगत? लोकं त्वांडात श्यान घालतील माज्या!" पण गुरुजींपुढं त्यांचं चाललं नाही.

राहिली गोष्ट केबिनची. ती माझ्याशिवाय कोणी करणार नव्हतं. लग्नाआधी मुलीनं मुलाला पत्र लिहायचं, हे आमच्याकडे तेव्हा ऐकिवात नव्हतं. ते त्याच्या वडिलांच्या हाती पडलं असतं तर अपशकुनी मुलगी म्हणून लग्न मोडलं असतं आणि दादांना गावात तोंड काढायला जागा राहिली नसती. तरी मी लिहिलं, तीन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले आणि चौथ्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर टाकलं. त्यात एवढंच होतं:

"राग मानू नये. त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही स्वतः बसावं, दुसऱ्या कोणाला बसू देऊ नये. साखरपुड्यातलं घड्याळ घरी ठेवून यावं. ड्रायव्हरला घाई करू देऊ नये. दुपारचा मुहूर्त टळला तर गोरज आहे, गुरुजींशी बोलणं झालं आहे. उशीर झाला तर होऊ द्यावा. मी थांबते."

उत्तर आलं नाही. सासऱ्यानं दिलेलं घड्याळ घरी ठेवून ये, असं नवरीनंच सांगणं म्हणजे अपमानच की. हे मला पत्र पेटीत पडल्यावर सुचलं. माझा स्वभाव असाच, आधी करायचं आणि मग कपाळावर हात मारायचा.

लग्नाच्या दिवशी अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली ठेवली. मुहूर्त टळला. मांडवात कुजबूज सुरू झाली आणि गुरुजींनी मोठ्या आवाजात पंगत बसवायला सांगितली. दादा कोणाकडे न बघता वाढत होते.

मी आत पाटावर बसले होते आणि माझं मलाच कळेना झालं होतं. उशीर होऊ द्या असं मीच लिहिलं होतं. आता उशीर झाला होता, तो कसला? त्यांनी माझं ऐकलं म्हणून झालेला, की माझं पत्र वाचून ते येणारच नव्हते म्हणून, की ट्रक कुठल्या नाल्यात होता म्हणून? तिन्ही उशीर बाहेरून सारखेच दिसतात. इतर नवरीमुलींना निदान घाबरायला एकच कारण असतं. मी स्वतःसाठी तीन करून ठेवली होती.

दोन वाजता मी मावशींना हळूच दवाखान्यात पिटाळलं. त्या परत येईपर्यंत मी हिरव्या बांगड्या फिरवून फिरवून मनगट लाल करून घेतलं.

"कोनी आलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "खाटा मोकळ्या हायेत. सायब घोरत्यात."

साहेबांच्या घोरण्यानं मला इतका धीर आला की काय सांगू.

तीन वाजून गेल्यावर पोरं ओरडत आली, "ट्रक आला, ट्रक आला!" मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. ट्रक बैलगाडीच्या चालीनं वळण घेत होता. ताडपत्रीखालून बायका उतरल्या, पोरं उतरली, फेट्यावर धूळ बसलेले म्हातारे उतरले. मी नर्सच्या डोळ्यांनी एकेक माणूस तपासत होते. सगळे आपापल्या पायांवर चालत होते. उपाशी होते, वैतागलेले होते, एक चुलते तर सगळ्या जगावर रुसलेले होते, पण चालत होते. रुसवा काढण्यात सकाळचे तीन तास गेले, असं नणंदेनं नंतर सांगितलं.

गुरं गावाकडे वळली आणि आम्ही अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मंगलाष्टकं चालू असताना पलीकडून अगदी हळू आवाज आला. नवऱ्याचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"घाई न्हाई केली."

अंतरपाट दूर झाला. वर बघायची लाज वाटत होती म्हणून मी हाराला पुढं आलेल्या हाताकडे बघितलं. उन्हानं काळवंडलेला हात, आणि मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी पट्टी. साखरपुड्यापासून त्यानं ते एक दिवसही काढलं नसावं. आज मात्र मनगट रिकामं होतं.

मला हुंदका आवरेना. बायका म्हणाल्या, "रडू दे गं, माहेर सुटतंय."

मी त्यांना तसंच समजू दिलं.